महीच्या कोतरातला तिसरा फ्लॅश

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आहे. हे मोठेपणासाठी सांगत नाही. आमच्या घरात त्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे शिकलेल्या गोष्टींवर माझा जरा जास्तच विश्वास आहे. नवापूरच्या आमच्या शाळेत गुरव सरांनी आरसा, मेणबत्ती आणि पुठ्ठ्याला भोक पाडून उजेड सरळ रेषेत जातो हे दाखवलं, त्या दिवसापासून भूतबाधा, उतारे, अंगात येणं हे सगळं माझ्यासाठी संपलं. या सदरातले बाकीचे अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनात कारण शोधत वाचतो. माझ्या अनुभवाचंही तुम्ही तसंच करा. मी वर्षभर तेच करतोय.

नावं बदलली आहेत. जागा खरी आहे.

मी शिकायला बडोद्याला आलो तेव्हा गुरव सरांनी त्यांच्या ओळखीच्या जगतापकाकांना फोन केला होता. काकांचं घर कारेलीबागेत. जुन्या काळी त्यांचे पणजोबा बडोदा संस्थानच्या पागेत, म्हणजे घोडदळात होते. आता काका विमा कंपनीतून निवृत्त. हॉस्टेल मिळेपर्यंत आठ-पंधरा दिवस राहा म्हणाले आणि मी पदवी होईपर्यंत तिथेच राहिलो. हॉस्टेलचा विषय काकींनी पुन्हा निघूच दिला नाही. "तिथलं शाक खाऊन आजारी पडशील," एवढंच म्हणायच्या. माझे वडील एस.टी. डेपोत हेल्पर. ते एकदा भेटायला आले, तेव्हा काकांनी त्यांना हाताला धरून सोफ्यावर आपल्या शेजारी बसवलं. हे मी विसरणार नाही, पुढे काहीही झालं तरी.

निकाल लागला त्या दिवशी काकींनी मला स्टीलचं ताट दिलं. त्यावर मशीनने टिंबाटिंबांत नाव घालून आणलं होतं – चि. योगेश, बी.एस्सी. त्या घरात प्रत्येकाचं नावाचं ताट होतं. मांडणीवर माझं ताट निहारच्या ताटाला टेकून उभं असायचं.

निहार म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून वर्षभराने लहान. घरात मराठी, गल्लीत गुजराती, आणि चिडला की हिंदी. त्याला दोनच वेडं होती. एक डोंगरातली सायकल – जाड टायरची, शॉकअबसॉर्बरवाली, जिच्यावरून लोक उतारावर उड्या मारतात ती. दुसरं फौज. पणजोबांनंतर घरात कुणी वर्दी घातली नव्हती आणि ती निहारने घालावी हे त्याच्यापेक्षा काकींना जास्त वाटायचं. गेल्या वर्षी तो लेखी परीक्षा पास झाला, मुलाखतही झाली. फक्त मेडिकल राहिलं होतं.

काका त्याला चिडवायचे, "पणजोबा घोड्यावरून कधी पडले नाहीत, हा दर रविवारी सायकलवरून पडतो."

"घोड्याला अक्कल असते, पप्पा," निहार म्हणायचा. "सायकल मलाच सांभाळावी लागते."

मी तोवर निजामपुऱ्यात एका स्टुडिओत लागलो होतो, जवळच खोली घेतली होती, ताट मात्र काकींकडेच होतं. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, दुकानांसाठी वस्तूंचे फोटो. रविवारी मात्र मी आणि निहार सिंधरोटच्या पुढे महीच्या कोतरांत जायचो. नदीकाठची माती पावसाने कापून खोल घळी झाल्या आहेत, त्यांना तिकडे कोतर म्हणतात. वर तंबाखूची शेतं आणि शेताच्या कडेला एकदम जमीन संपते. निहारने तिथे एक वाट तयार केली होती. वरून उतार, मध्ये मातीचा उंचवटा, त्यावरून उडी, आणि खाली उतरताच डावीकडे वळण. वळणाच्या समोर काही नाही. तिथून कोतर सरळ खाली जातं.

या खेळाचे चांगले फोटो संध्याकाळी येतात. सूर्य गेल्यावर आकाश गडद निळं होतं, तेव्हा कॅमेरा त्या आकाशाच्या हिशोबाने लावायचा आणि सायकलवाल्यावर उजेड पाडायचा तो फ्लॅशने. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी टिकतो, त्यामुळे माणूस हवेत थिजतो. टायरवरून उडालेला मातीचा कण न् कण मण्यासारखा लटकलेला दिसतो. माझ्याकडे फ्लॅश दोनच होते. एक मी उंचवट्याच्या मागे ठेवायचो, म्हणजे सायकलवाल्याच्या कडेला उजेडाची रेघ येते. दुसरा उजव्या बाजूला, जरा लांब. दोन्ही स्टँडवर, वाऱ्याने पडू नयेत म्हणून पाण्याच्या बाटल्या बांधून. कॅमेऱ्यावरच्या छोट्या ट्रिगरचं बटण दाबलं की दोन्ही एकदम उडतात.

समोरून फ्लॅश कधीच लावायचा नाही. उडी मारणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड गेला तर त्याला उतरायची जागा दिसत नाही. हा नियम आम्ही कधी मोडला नाही.

आणि आमची आणखी एक पद्धत होती. ट्रिगरचा सिग्नल कधी कधी चुकायचा, एखादा फ्लॅश उडायचाच नाही, आणि मला खालून दोन्ही दिसायचे नाहीत. निहारला वरून दिसायचे. म्हणून प्रत्येक उडीआधी मी खालून "टेस्ट" ओरडून बटण दाबायचो आणि तो वरून आकडा सांगायचा. "दोन" म्हणाला की सगळं ठीक. "एक" म्हणाला की मी जाऊन बॅटरी बघायची. आकडा ऐकल्याशिवाय मी "ये" म्हणायचो नाही. तो मला यावरून प्रोफेसर म्हणायचा.

त्या संध्याकाळी आम्ही दोघंच होतो. मेडिकल जवळ आलं होतं. काकींनी सायकल बंद म्हणून सांगितलं होतं आणि निहार घरी "योगेशबरोबर फोटो काढायला जातो" एवढंच सांगून आला होता. ते खोटं नव्हतं. त्याला ट्रेनिंगला जाण्याआधी एक चांगला फोटो हवा होता, काकींना देण्यासाठी. फौजेत गेल्यावर हॉलमध्ये लावायला.

तीन उड्या झाल्या. फोटो बरे होते, पण आकाश अजून उजळ होतं. थोडं थांबलो. मग आकाशाला तो निळा रंग आला. मी ओरडलो, "टेस्ट."

वरून आवाज आला, "तीन."

मला वाटलं मस्करी. मी म्हटलं, "नीट सांग."

"अरे तीनच, प्रोफेसर. नवा घेतलास की काय?"

मी पुन्हा बटण दाबलं. "तीन," तो म्हणाला. या वेळी आवाजात हसू नव्हतं.

मी कॅमेरा घेऊन वर गेलो. त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि तिथून बटण दाबलं. मला दोन दिसले – एक उंचवट्यामागे, एक उजवीकडे. निहारने समोर बोट केलं. "आणि तो. खाली, सरळ समोर." त्याचं बोट वळणाच्या पलीकडे होतं, जिथे जमीन संपते तिथे.

"तिथे काही नाहीये."

"मग मला काय दिसतंय?"

मी शिकलेला माणूस. मी त्याला सांगितलं की झगझगीत उजेड पाहिला की डोळ्यात थोडा वेळ डाग राहतो, मान हलवली की तो डाग दुसरीकडे दिसतो. तो म्हणाला, डाग बटण दाबल्यावर पेटत नाही आणि सोडल्यावर विझत नाही. ते बरोबर होतं. मी म्हटलं, "आज राहू दे. पुढच्या रविवारी येऊ."

"पुढच्या रविवारी आई मला घरातून सोडणार नाही. चल ने, उजेड जातोय." मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "तुझं फिजिक्स डाग म्हणतंय ना? मग डागच."

मी खाली आलो. जाता जाता वळणापर्यंत जाऊन वाकून बघितलं. कोतरात अंधार होता. कुणी माणूस नाही, गुरं नाहीत, पलीकडच्या काठावर झोपडीसुद्धा नाही. परत येऊन टेस्ट केली. वरून काही वेळ उत्तर आलं नाही. मग तो म्हणाला, "दोन."

मी म्हटलं, "ये."

तो आला, उंचवट्यावरून उडाला, मी बटण दाबलं. त्याच क्षणी हवेत त्याने मान झटकली – कुणी तोंडावर पाणी मारावं तशी. सायकल वळली नाही. पुढचं चाक कडेवर आपटलं आणि तो कोतराच्या उतारावरून खाली गेला.

पुढचं सगळं लिहीत नाही. तंबाखूच्या शेतातले लोक ट्रॅक्टर घेऊन आले. मी त्याच्याजवळ पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. त्याचा गुडघा कसा वळला होता ते मला आजही आठवायचं नाही. त्याने माझ्याकडे बघून पहिलं वाक्य उच्चारलं – "समोरून का मारलास, योग्या?"

ट्रॅक्टरवर माझी बॅग माझ्या मांडीवर होती. त्यात फ्लॅश दोनच होते. मी पुन्हा पुन्हा चाचपून बघत होतो, जणू तिसरा असला असता तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलमध्ये काकींना हे वाक्य त्यानेच सांगितलं. वेदनेत होता, सांगायचं म्हणून सांगितलं नसेल. मी म्हटलं, काकी, समोर फ्लॅश नव्हता. काका म्हणाले, "फोटो दाखव."

तोवर मी फोटो बघितलाच नव्हता. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर उघडला. इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. मागे निळं आकाश, मातीचे कण, सायकल हवेत. आणि निहारचा चेहरा संपूर्ण उजळलेला. माझ्या उजव्या फ्लॅशने अर्धाच चेहरा उजळायला हवा, दुसरा अर्धा अंधारात राहायला हवा. आधीच्या तिन्ही फोटोंत तसंच होतं. यात हँडलची सावली त्याच्या छातीच्या बरोबर मध्यावर पडली होती. ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही त्यालाही कळावं की उजेड समोरून आलाय.

काकांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. मग अगदी हळू म्हणाले, "तू शिकलेला आहेस. हा उजेड कुठून आला ते तूच मला सांग."

"तो वरून तीन म्हणाला होता," मी म्हटलं. "मी वर जाऊनही बघितलं, काका. निहारला विचारा."

काकी आतून विचारून आल्या. "त्याला काही आठवत नाही म्हणतो." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला तुम्ही म्हणाल्या. "तुम्ही आता घरी जा."

आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर सोपं गेलं असतं. मेडिकलची तारीख आली आणि गेली, तेव्हा निहार प्लास्टरमध्ये होता. नंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गुडघा पूर्ण वाकणार नाही. चालेल, नोकरी करेल. फौज नाही.

मी फळं घेऊन गेलो, दार काकांनी उघडलं, पिशवी घेतली, "जय श्रीकृष्ण" म्हणाले आणि दार लावलं. पुढच्या वेळी तेवढंही नाही. एके दिवशी ते स्वतः माझ्या खोलीवर आले. मला वाटलं बोलवायला आलेत. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. "तुझी काकी म्हणाली, तुझी वस्तू तुझ्याकडे असू दे." आत ताट होतं. घासून लख्ख केलेलं. मी चहा ठेवतो म्हटलं तर म्हणाले, "नको, स्कूटर खाली तशीच आहे."

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळींत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. जगतापांनी ज्याला घरात ठेवलं त्याने त्यांच्या मुलाला आंधळं करून खड्ड्यात घातलं, एका फोटोसाठी. गणपतीत आरतीला गेलो तर लोक माझ्याशी नीट बोलायचे, फार नीट. आईला नवापूरला कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तू केलंस का?" नाही म्हटलं. "मग त्यांना असं का वाटतं?"

म्हणून मी शोधायला लागलो. दिवसाउजेडी तिथे गेलो. निहारने बोट केलेल्या जागी स्टँड उभा राहूच शकत नाही, तिथे हवाच आहे, खाली दोन-तीन मजल्यांइतकी खोली. पलीकडचा काठ इतका लांब की माझे दोन्ही फ्लॅश एकत्र उडवले तरी चेहऱ्यापर्यंत पोचणार नाहीत. पत्रा, आरसा, काच, काही नाही. कुणाच्या मोबाईलचा उजेड म्हणाल तर त्याने उडता माणूस असा थिजत नाही, धुरकट येतो. वीज म्हणाल तर आकाशात ढग नव्हता. ती टेस्ट मी वरून केली तेव्हा कॅमेरा गळ्यात होता आणि चुकून एक फोटो निघाला होता. त्यात दोनच उजेड आहेत. निहार शेजारी उभा राहून तीन म्हणत होता तेव्हाचा फोटो आहे तो.

मग मी उडीचा फोटो मोठा करून निहारचा चष्मा बघितला. सायकलवाले घालतात तो पिवळ्या काचेचा. चष्म्यात उजव्या कडेला एक पांढरा ठिपका हवा – माझा फ्लॅश. तो होता. आणि काचेच्या मध्यावर दुसरा होता, पहिल्याहून मोठा. मूळ फाईल घेऊन मी काकांना त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या मित्रांसमोर बागेत गाठलं, लॅपटॉप उघडून दाखवलं. काकांनी चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाले, "योगेश, तुम्हा लोकांना कॉम्प्युटरवर काय काय करता येतं ते आम्हाला माहीत आहे. हे कशाला करतोस रे?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. लाज होती, माझ्या वतीने. त्यानंतर मी फाईल कुणाला दाखवली नाही.

मागच्या महिन्यात दुपारी मी स्टुडिओत एका मिठाईवाल्याच्या डब्यांचे फोटो काढत होतो. आमच्या वरच्या मजल्यावर फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. काचेचं दार ढकलून काठी टेकत निहार आत आला. वजन वाढलं होतं. खुर्चीवर बसला, सरळ पाय पुढे करून.

"मिठाई खरी आहे की दाखवायची?"

"वरची खरी. खाली पुठ्ठा."

त्याने एक पेढा उचलून तोंडात टाकला. मग म्हणाला, "पप्पांना दाखवला होतास तो चष्मा दाखव."

मी फाईल उघडली. मधला ठिपका मोठा केला. तो वाकून स्क्रीनजवळ गेला. "तिथे काय होतं?"

"काही नाही. तिथे जमीनच नाही."

"मी तीन म्हणालो होतो ना?"

मी म्हटलं, "तुला आठवतं?"

"पहिल्यापासून." तो स्क्रीनकडेच बघत होता. "शेवटच्या वेळीही तीनच दिसले होते, योग्या. तू ये म्हणावंस म्हणून दोन म्हणालो."

बाहेर रिक्षा ओरडत होत्या. मी विचारलं, "मग घरी का नाही सांगितलंस?"

"पहिल्या दिवशी हिंमत झाली नाही. नंतर बघितलं तर आई तुला शिव्या घालून झोपायची. झोपायची तरी. मी उजेड दिसत असून उतरलो, स्वतःची वर्दी स्वतः घालवली, हे तिला सांगितलं तर ती कुणावर राग काढेल? माझ्यावर काढणार नाही. आतल्या आत बसेल." त्याने काठी हातात फिरवली. "तू सांगू नकोस. तुला जड जातंय, माहीत आहे. पण तू बाहेर आहेस. मला रोज तिच्या समोर बसून जेवायचंय."

माझ्या मनात खूप आलं. वर्षभर माझ्या आईला झोप नाही हे आलं. आरतीतली ती नीट बोलणारी माणसं आली. आणि त्याच्या मागोमाग, का कोण जाणे, सोफ्यावर काकांच्या शेजारी अवघडून बसलेले माझे वडील आले.

"बरं," मी म्हटलं.

"ताट वापरतोस?"

"रोज."

"माझ्या ताटाला आता टेकायला काही नाही. सारखं घसरून पडतं," तो म्हणाला, आणि आणखी एक पेढा घेऊन वर गेला.

काकींना सांगू नकोस म्हणाला होता. इथे लिहू नकोस असं म्हणाला नव्हता. काकी मराठी वाचतात, पण मोबाईलवर नाही. एवढ्या फटीतून मी हे लिहितोय.

तो उजेड काय होता, तो निहारलाच का दिसला, आणि मला न दिसता माझ्या कॅमेऱ्याला त्या एकाच फोटोत कसा दिसला – माझ्या शिक्षणात याला उत्तर नाही. गुरव सरांनाही विचारलं. ते म्हणाले, उजेड सरळ रेषेत जातो, योगेश, पण तो निघतो कुठून हे दर वेळी दिसतंच असं नाही. समजूत घालायला म्हणाले असतील.

मी आता सायकलचे फोटो काढत नाही. स्टुडिओत मात्र दिवसातून कितीतरी वेळा टेस्ट मारावी लागते. डब्यांवर, साड्यांवर, पासपोर्टवाल्यांच्या तोंडावर. बटण दाबलं की मी क्षणभर थांबतो. समोरचं गिऱ्हाईक विचारतं, "झालं का?" कुणी आकडा सांगितल्याशिवाय मला हो म्हणता येत नाही, आणि सांगणारं तिथे कुणी नसतं.